स्वतःहून पडल्याची नोंद

संग्रामला बापाच्या घरी जाऊन खुर्चीवर बसता येत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस, फरीदाबादच्या कारखान्यात हाताखाली साठ जण, मीटिंगमध्ये आवाज असा की समोरच्याची फाइल गळून पडावी. आणि दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या पाचव्या मजल्यावर गेला की हा आपला दारातल्या चपलांपाशी उभा. औषधांची पिशवी पुढे करायची, "बाबा, बरं आहे ना?" विचारायचं, उत्तर ऐकायच्या आत घड्याळ बघायचं. मोठी बहीण मैत्रेयी म्हणायची, "अरे बस की दोन मिनिटं." हा म्हणायचा, "नको ताई, गाडी खाली चुकीच्या जागी लावलीय." चौदा महिने त्याची गाडी चुकीच्याच जागी लागत होती. एवढ्या दिवसांत सोसायटीच्या गार्डनंसुद्धा तिला कधी हटकलं नव्हतं.

कारण कोणाला माहीत नव्हतं. बायकोला, मीनाक्षीलासुद्धा नाही. ते आधीच सांगून टाकतो, उगाच लपवाछपवी कशाला.

गेल्या नव्हे, त्याआधीच्या दिवाळीनंतरचा एक रविवार. मैत्रेयी भाजी आणायला गेली होती, घरात बाप-लेक दोघंच. विलासराव, वय वर्षं सत्त्याहत्तर, माळ्याखाली स्टूल ओढत होते. नातीनं, म्हणजे संग्रामच्या रुचितानं, फोनवर विचारलं होतं, आजोबा, तो तुमच्या जमान्यातला व्हिडिओ गेम अजून आहे का? तो माळ्यावरच्या पेटीत होता. संग्रामनं स्टूल बघितलं आणि त्याचं टाळकं सरकलं. काळजीनंच सरकलं, पण काळजीनं बोललेले शब्द तरी गोड कुठे असतात? "अहो, वय काय तुमचं! आता तुमच्याच्यानं काही होत नाही, बाबा. मान्य करा आणि नुसते बसून राहा!"

विलासराव स्टूल ओढतच राहिले. संग्रामनं दार आपटलं, बाहेर येऊन लिफ्टचं बटण दाबलं. जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट, सावकाश येणारी. ती चौथ्या मजल्याशी पोचली असेल नसेल, तेवढ्यात घरातून धप्प असा आवाज आला.

त्यानं तो ऐकला. स्पष्ट ऐकला. रागानं स्टूल आपटलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. जाळी ओढली आणि एक पाय आत, एक बाहेर असा उभा राहिला. लिफ्टमधली ती रेकॉर्ड केलेली बाई बोलली, "कृपया दरवाज़ा बंद कीजिए." तो हलला नाही. पुन्हा बोलली. तिसऱ्यांदा बोलली. मग त्यानं दुसरा पाय आत घेतला, जाळी बंद केली आणि खाली निघून गेला.

दोन तासांनी मैत्रेयी परतली तेव्हा विलासराव फरशीवर पडलेले, शेजारी उघडी पेटी, खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. सगळे म्हणाले, या वयात स्टुलावर चढायची काय गरज होती? संग्रामही सगळ्यांबरोबर तेच म्हणाला. त्या दिवसापासून त्याला त्या घरात घास गिळेना.

दर रविवारी तो ठरवून निघायचा की आज सांगायचं. बाबा, मी आवाज ऐकला होता. मी परत फिरलो नाही. धौलाकुआँपर्यंत वाक्य पाठ असायचं. द्वारकेचं वळण आलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

आजचा रविवार जानेवारीतला. आठवडाभराचं धुकं सरून चांगलं कडकडीत ऊन पडलं होतं. विलासराव बाल्कनीच्या दारात शाल घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते, वॉकर बाजूला. बारा वर्षांची रुचिता आपलं गेमचं यंत्र सोबत घेऊन आली होती आणि तिनं आत्याला बळंच खेळायला बसवलं होतं. हवेत तरंगणारी एक फळी, तिच्यावर दोन लढवय्ये, समोरच्याला खाली पाडायचं, एवढाच खेळ. संग्राम अर्थातच चपलांपाशी.

एकदम रुचिता किंचाळली. "व्हॉट! ये क्या बात हुई! आत्याला पॉइंट का?"

"तू पडलीस म्हणून," मैत्रेयी म्हणाली.

"पण मी स्वतः पडले, यार! माझी उडी चुकली. तू तर मला मारलंपण नाही!"

"मघाशी एक गुद्दा मारला होता की."

"वो तो कब का! तुझ्या गुद्द्यानं नाही ना पडले मी!"

पण यंत्राला हे कोण समजावणार? त्याचा हिशेब सरळ: शेवटचा मार ज्याचा, गुण त्याचा. पडणारा आपल्या पायानं पडो की दुसऱ्याच्या धक्क्यानं. रुचितानं कंट्रोलर सोफ्यावर आदळला आणि बापाकडे वळली. "पप्पा, सांगा ना! स्वतः पडलं तर दुसऱ्याला पॉइंट का द्यायचा?"

शेवटचा मार ज्याचा, गुण त्याचा. हेच तर संग्राम चौदा महिने मोजत होता.

आणि बाल्कनीच्या दारातून, शेंगा फोडणं न थांबवता, विलासरावांनी विचारलं, "मारल्यावर किती मोजून झाले होते?"

मैत्रेयीला हसू फुटलं. "अगं बाई! बाबा, फाइल!"

आता ही फाइल काय, ते सांगायलाच हवं. त्र्याण्णव साल. आर. के. पुरमचा सरकारी क्वार्टर, दोन खोल्या, कूलरची घरघर आणि हेमलताबाईंच्या, म्हणजे मैत्रेयी-संग्रामच्या आईच्या, पोह्यांचा वास. पालिका बाजारातून घासाघीस करून आणलेला कॅसेटचा व्हिडिओ गेम. त्यात एक पूल होता, पुलावर दोन पैलवान, खाली पाणी. संग्राम बाराचा, मैत्रेयी पंधराची. ताई शांतपणे खेळायची. हा धसमुसळा, धावत सुटायचा आणि आपला आपणच पाण्यात. पडला की गुण ताईला! तिनं बोट हलवलेलं नसे, तरी गुण ताईला. मग हा जो गळा काढायचा, की खालच्या मजल्यावरच्या शर्मा आंटी गॅलरीतून ओरडायच्या, "अरे, बच्चे को मारो मत!"

विलासराव मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्या माणसाचा राग नाकावर नसायचा, पेनात असायचा. एका संध्याकाळी त्यांनी ऑफिसातून टाकून दिलेलं एक फाइल-कव्हर आणलं, हिरव्या नोटशीटची दहा पानं लावली, पांढरा टॅग ओवला आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "विषय: स्वतःहून पाण्यात पडल्यास गुण कोणाचा, याबाबत." हेमलताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मुलांचा खेळ आहे, संसदेचं अधिवेशन नाही!"

पण नियम मात्र झाला. मार बसला की पंचांनी, म्हणजे वर्तमानपत्रामागच्या विलासरावांनी, मोठ्यानं एक, दोन, तीन मोजायचं. तीनच्या आत पडला तर पाडलं, मारणाऱ्याला एक गुण. तीननंतर पडला तर स्वतःहून पडला, पडणाऱ्याचा वजा एक, दुसऱ्याला काही नाही. हेमलताबाईंनी लगेच बोट ठेवलं, "याचा एक वाढला काय नि त्याचा एक घटला काय, फरक तोच की!" विलासराव म्हणाले, "फरक तोच. पण पाडलं कोणी, ते लिहायला नको?"

काय दिवस होते ते! संध्याकाळचे सात वाजले की घरात तो आवाज घुमायचा. एक... दोन... तीन... भिंतीवरच्या घड्याळाशी लावून घेतल्यासारखा, ना मागे ना पुढे. पाहुणे आले तरी मोजणी चालू. मावसकाका एकदा चहाचा कप तोंडाशी धरून ऐकतच राहिले, त्यांना वाटलं हे काहीतरी योगासन आहे. तक्रार असेल तर तोंडी चालायची नाही, नोटशीटवर लेखी अपील करावं लागायचं. त्याखाली विलासराव लिहायचे, "पाहिले", आणि मग निर्णय. संग्रामचं मराठी शुद्धलेखन सुधारलं ते शाळेमुळे नाही, शाळेत तर हिंदीच होतं, या अपिलांमुळे.

आणि त्याचा बारावा वाढदिवस. केक टेबलावर, मेणबत्त्या लावायच्या बाकी. शेवटच्या मिनिटाला ताईचा गुद्दा बसला, हा भेलकांडला, सावरला, सावरलाच होता हो, आणि मग पाय घसरून पाण्यात. विलासराव नेमके तीनवर होते. ताई एकानं जिंकली. हरण्याचं त्याला काही नव्हतं, तसा तो रोजच हरायचा. पण तो हात जोडून म्हणाला, "बाबा, ताईनं पाडलं असं लिहू नका. मी पडलो असं लिहा. आज फक्त चार म्हणा ना!"

"तीन म्हणजे तीन," विलासराव म्हणाले. "फायलीत खोटं लिहायचं नसतं, बाळ. माझ्या फायलीत आजवर एक खोटं अक्षर नाही."

मुलगा तासभर मोरीत रडत बसला. मेणबत्त्या शेवटी ताईनंच विझवल्या.

"संग्राम," आत्ता विलासराव म्हणाले, "माझ्या कपाटात, खालच्या खणात आहे फाइल. काढ आणि पोरीला नियम वाचून दाखव."

"ताई काढेल. माझी गाडी..."

"तू काढ."

तो जुना, मोजणीचाच आवाज. संग्रामचे हात आपोआप बुटांच्या नाड्यांकडे गेले. चौदा महिन्यांनी तो मोज्यांनी त्या फरशीवरून चालला, आणि माळ्याखालची ती जागा आली तेव्हा तिला वळसा घालून गेला.

मागून मैत्रेयी रुचिताला सांगत होती, "ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी हॉस्पिटलमध्ये ही फाइल मागवली. पेटीतनं बाहेरच पडली होती ती. मला वाटलं, भूल अजून उतरलेली नाही!"

आतल्या खोलीत संग्राम कपाटासमोर मांडी घालून बसला. फाइल तीच. कव्हरचे कोपरे मऊ झालेले, टॅग पिवळा पडलेला. पहिलं पान, विषय. दुसऱ्या पानावर त्याचं बारा वर्षांचं अक्षर: "सविनय विनंती की ताई खोटारडी आहे." त्याखाली "पाहिले. पुरावा नाही." तो एकटाच हसला. पानापानावर कधीचे मंगळवार, कधीचे शुक्रवार. एका पानावर तेलकट डाग, आईच्या भज्यांचा. त्यानं त्या डागावर अंगठा ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

मग सरळ कोरी पानं. रुचितासाठी नियम शोधायला तो मागे वळणार, एवढ्यात शेवटच्या पानावर निळी शाई दिसली. अक्षर विलासरावांचं, पण आडवं झोपून लिहिल्यासारखं वाकडंतिकडं. चौदा महिन्यांपूर्वीची तारीख.

"खेळाडू: वि. पडण्याचे ठिकाण: माळ्याखाली, स्टुलावरून. त्याआधी सं. याच्याशी बोलाचाली झाली होती. सं. निघून गेल्यावर वि. याने चहा केला, प्यायला, वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवले, त्यानंतर स्टुलावर चढला. मोजणी तीनच्या कितीतरी पुढे. सबब सं. याने पाडलेले नाही. वि. स्वतःहून पडला. वजा एक, वि. याचा."

खाली सही.

संग्रामनं ते तीनदा वाचलं. कसला चहा? कुठलं शब्दकोडं? लिफ्ट वर यायच्या आत आवाज आला होता! ज्या माणसानं पोटच्या पोराच्या वाढदिवसाला तीनाचे चार केले नाहीत, त्यानं हॉस्पिटलच्या खाटेवर पडून फायलीत एक आख्खा चहा लिहिला होता. आणि शब्द कोणते वापरले होते? तेच. पाडलं नाही, पडला. बाराव्या वर्षी रडून मागितलेले, आणि तेव्हा न मिळालेले.

त्याला रडू आवरेना. शर्टाच्या बाहीला नाक पुसत तो तसाच बसून राहिला. हे आयतं मिळालेलं घ्यावं आणि गप्प बसावं, असं एकदा मनात आलं, खोटं कशाला बोला. फाइल मिटली की सुटका. कोणाला काय कळणार होतं?

पण त्या फायलीत अपील लेखी करायचं असतं, हे त्याच्या बोटांना अजून पाठ होतं. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि नोंदीच्या खाली लिहिलं:

"अपील. चहा झाला नव्हता. लिफ्टसुद्धा आली नव्हती. मी आवाज ऐकला. ऐकून गेलो. सं."

इतके महिने धौलाकुआँपर्यंत पाठ असलेलं वाक्य, ते असं दोन ओळींत उतरलं. तो उठला. बाहेरच्या खोलीत आत्या-भाची पुढच्या लढतीत गुंतल्या होत्या. तो बाल्कनीच्या दारात गेला, फाइल उघडी करून विलासरावांच्या मांडीवर ठेवली आणि उभा राहिला. पंचावन्न किलोच्या त्या म्हाताऱ्याची त्याला शाळेतल्या पोरासारखी भीती वाटत होती.

विलासरावांनी शेंगांची टरफलं झटकली, चष्मा लावला. वाचलं. घाई नाही. मग हात पुढे केला, संग्रामनं पेन दिलं. ते बराच वेळ लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी फाइल त्याच्याकडे फिरवली.

"पाहिले. माहीत होते. लिफ्टमधली बाई तीनदा बोलली, ते फरशीवर पडल्या पडल्या ऐकले. हाक मारली असती तर सं. आला असता, याबद्दल शंका नाही. 'नुसते बसून राहा' याचा राग आला होता, म्हणून हाक मारली नाही. नंतर मारली तेव्हा ऐकायला कोणी नव्हते. सबब निर्णय कायम. वजा एक, वि. याचा."

संग्राम वाचता वाचता खाली बसला. खुर्ची नव्हतीच तिथं, फरशीवरच बसला, बापाच्या पायांशी, उन्हात.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "मग चहाचं खोटं का लिहिलंत?"

"तू कधीतरी वाचशील म्हणून," विलासराव म्हणाले. "मला वाटलं, बसशील. चौदा महिने दारातनं आत येईचना गाढव."

"माझं चुकलं, बाबा."

"माझंही चुकलं. हाक मारायला काय झालं होतं मला?" त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा दाबलाच. "आता पुरे. अपील निकाली."

"आजोबा! नियम सांगा ना!" रुचिता आतून ओरडली. "आणि पप्पा रडतायत का?"

"डोळ्यांत ऊन गेलंय," संग्राम म्हणाला. "आणि नियम असा की मार बसल्यावर तीनच्या आत पडलं तरच पाडलं. नाहीतर स्वतःहून पडलं, आणि वजा एक आपला."

"बिल्कुल! मग आत्याचा पॉइंट कॅन्सल! चलो पप्पा, आता तुम्ही या. आजोबा मोजतील."

मैत्रेयीनं कंट्रोलर त्याच्या हातात दिला आणि त्याच्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं, आणि तिथूनच ओरडली, "अरे, तुझी गाडी चुकीच्या जागी असेल ना?"

"असू दे तिथंच."

संग्रामला त्या नव्या यंत्राची बटणं कळेनात. उडी मारायला गेला तर गुडघे टेकले, मागे वळायला गेला तर पुढेच धावला. बत्तीस वर्षांत धसमुसळेपणा तसूभर कमी झाला नव्हता. रुचितानं दोन मिनिटं गंमत बघितली आणि मग एक सणसणीत गुद्दा ठेवून दिला. त्याचा लढवय्या फळीच्या टोकाशी गेला, भेलकांडला आणि सरळ खाली.

"एकदोनतीनचार," विलासराव एका दमात म्हणाले.

"आजोबा! ये तो चीटिंग है!" रुचिता सोफ्यावर उभी राहिली. "एवढं फास्ट कोण मोजतं?"

विलासरावांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, हिरव्या पानावर आजची तारीख घातली आणि मोठ्यानं वाचत वाचत लिहिलं, "सं. स्वतःहून पडला."

"अपील करते मी!" रुचिता म्हणाली.

"लेखी दे," आजोबा म्हणाले, आणि सोललेल्या शेंगदाण्यांची वाटी त्यांनी संग्रामपुढे सरकवली. संग्रामनं मूठभर घेतले आणि तिथंच बसून खाल्ले.